वेशीबाहेर गेलेलं गाव

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा जी झाडं उभी होती त्यांच्या चौकटी झाल्या, चौकटींचं सरपण झालं, आणि सरपणाची राख भांडी घासण्यात संपून गेली. त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक वेस, एक तळं, आणि तळ्याच्या पलीकडे नऊ घरांची एक आळी. तिला म्हणत उपऱ्यांची आळी.

आळीतली माणसं डोंगरापलीकडून आलेली. तिकडे लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा पाठीवर छिन्नी-हातोडा आणि डोक्यावर बोचकं घेऊन ती इकडे उतरली. दगडाचं काम त्यांच्या हातात होतं. घरोघरच्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावायची तीच, तळ्याच्या पायऱ्या घडवल्या त्याही त्यांनीच. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आलेल्यांचे केस पिकले, त्यांच्या पोरांची लग्नं झाली, तरी नाव काही बदललं नाही.

त्यांचा म्होरक्या दौलू. जातं बोथट झालं, पीठ भरड पडायला लागलं, की बायका हाक मारायच्या, "दौलूदादा, येता का जरा?" टाकी लावून झाली, पीठ मऊसूत पडलं, की त्याच बायका आत सांगायच्या, "अगं, त्या उपऱ्याला भाकरी दे." दादा काम होईपर्यंत, उपरा काम झाल्यावर. दौलू भाकरी घ्यायचा आणि हसायचा. चाळीस वर्षांत त्याला सवय झाली होती. दगडालासुद्धा होते.

गावात एक सुईण होती, बयजामाय. वय विचारलं तर म्हणायची, "तीन दुष्काळ आणि एक टोळधाड पाहिलीय, आता तुम्हीच मोजा." अक्षर ओळखीचं नव्हतं, पण डोक्यात सगळं लख्ख. कुणाचं पोर पायाळू, कुणाचं कोणत्या नक्षत्रावर झालं, कुणाच्या बाळंतपणात गाय व्यायली आणि घरधनी आधी गाईकडे धावला, सगळं तिला पाठ. बाळ झालं की ती नाळ कापायची आणि घरामागे न्हाणीजवळ खड्डा करून पुरायची. त्या गावची समजूत अशी, की नाळ जिथं पुरली ती जागा माणसाला ओढते. म्हणून सुईण ती जागा कधी विसरत नसे.

त्या वर्षी पाऊस रुसला. माघातच तळं निम्म्यावर आलं. पाटलांनी गाव चावडीवर बोलावलं. पाटील माणूस वाईट नव्हते हं. पण घाबरलेला माणूस आधी दार लावतो आणि मग विचार करतो, तसं त्यांचं झालं.

ते म्हणाले, "पाणी थोडं, तोंडं फार. ज्याचं गाव आहे त्यानं प्यावं. उपऱ्यांनी आता आपली वाट धरावी."

बयजामाय भिंतीला टेकून बसली होती. आळीतली काशी, दौलूची सून, नऊ महिन्यांची पोटुशी होती. आज झाली की उद्या. ही पोर रस्त्यावर बाळंत होणार की काय? आडवाटेला, दगडाच्या आडोशाला? पाच दिवसांचं बाळ घेऊन उन्हातून चालत? बयजामायनं असली बाळंतपणं पाहिली होती. दोघांतलं एक तरी जातंच.

ती म्हणाली, "पाटील, मला अडाणी बाईला एवढं सांगा, उपरा म्हणजे कोण?"

"हे काय विचारणं झालं?" पाटील म्हणाले. "ज्याला गावात जमीन नाही तो."

जोशीबुवा खाकरले. देवळातली पूजा सोडली तर त्यांच्या नावावर तुळशीवृंदावनाएवढीही जमीन नव्हती. ते म्हणाले, "जमिनीचं राहू द्या. ज्याचं कुलदैवत गावात नाही, तो उपरा म्हणावा."

हे सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकेकाची मान थांबली. पाटलांचं कुलदैवत पाच दिवसांच्या वाटेवर, जोशीबुवांचं तर समुद्राकाठी. दर सालाला बैलगाड्या जुंपून जायचे की सगळे.

पाटलांचे धाकटे भाऊ, गाव त्यांना धाकले म्हणे, ते बोलले, "सोपं आहे. जो मागून आला तो उपरा."

"मागून म्हणजे किती मागून?" बयजामायनं विचारलं. "दर साली भाट येतो आणि तुमची वंशावळ गातो. काय गातो तो? तुमचे मूळपुरुष पूर्वेकडून घोड्यावर बसून आले."

"घोड्यावर बसून आले ते!" धाकले छाती काढून म्हणाले.

"घोड्यावरून आले तरी आलेच की, बाबा. उगवले तर नाहीत!"

चावडीवर हशा पिकला. पाटलांचे कान लाल झाले. तेव्हा जोशीबुवांनी पुन्हा डोकं चालवलं. "आपल्याकडे जुनी म्हण आहे, नाळ तिथं माणूस. ज्याची नाळ या मातीत पुरली तो गावचा. नाही पुरली तो उपरा. यात वाद नाही, भांडण नाही."

हे मात्र अगदी खणखणीत वाटलं. पाटील उठले, देवीच्या देवळात गेले, भंडारा उचलून कपाळाला लावला आणि साऱ्या गावासमोर शपथ घेतली, "ज्या माणसाची नाळ या गावात नाही, ते माणूस उद्या दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर. मग ते कुणीही असो. यात फिरवाफिरव केली तर देवी मला पाहून घेईल."

आणि मग बयजामायकडे वळून म्हणाले, "माय, नाळा तुम्हीच पुरल्यात. उद्या सकाळी एकेका घराचं तुम्हीच सांगायचं. खरं तेच सांगायचं."

"खोटं सांगायला मला येत नाही, लेकरा," बयजामाय म्हणाली. पण आपल्याच तोंडून काशीसारख्या पोटुशीला गावाबाहेर काढायचं, असा प्रसंग आला होता.

ती तशीच तळ्याला वळसा घालून आळीत गेली. दौलूच्या पडवीत काशी भिंतीला टेकून बसली होती. बयजामायनं हाताला तेल लावलं आणि तिचं पोट चोळायला घेतलं. बाळ खाली सरकलं होतं. फार तर चार दिवस.

"माय, सगळं ऐकलं मी," काशी म्हणाली. "जाऊ आम्ही. पण कुठं, ते कुणी सांगेना."

"माहेरी जाऊन राहा बाई थोडे दिवस. पहिलटकरीण आहेस. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, अशीच रीत आहे ना आपली?"

काशी हसली. "मला कुठलं माहेर, माय? ती समोरची पडवी दिसते का? तेच माझं माहेर. तिथंच जन्मले, तिथनं वीस पावलं चालून सासरी आले. माझ्या आईचं माहेर डोंगरापलीकडं सुकून गेलं. ती बाळंतपणाला जाणार कुठं? मला तर तुम्हीच हातात घेतलं, विसरलात व्हय?"

बयजामायचा हात थांबला. तेल बोटांवरून ओघळलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ती एकटीच गालात हसायला लागली.

"काय झालं, माय?"

"काही नाही गं. झोप तू. बोचकी बांधू नका एवढंच सांग तुझ्या सासऱ्याला. उगाच गाठी सोडायचे कष्ट."

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तसं गाव चावडीवर जमलं. आळीतली माणसंही आली आणि एका बाजूला उभी राहिली. बसा म्हणायला कुणाला सुचलं नाही.

पाटील म्हणाले, "सुरू करा, माय. आधी आळीचं."

बयजामाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आळीत नऊ घरं. त्यातले म्हातारे पाच. दौलू, त्याची बायको, आणखी तिघं. ते बाहेरून आले, त्यांच्या नाळा इथं नाहीत. बाकी सगळी, पोरं, सुना, नातवंडं धरून एकतीस माणसं, ती माझ्याच हाताने झाली. प्रत्येकाची जागा दाखवते, कुदळ आणा. त्यांच्या बायांना जायला माहेर नव्हतं ना! ती सगळी इथली."

चावडीवर कुजबुज झाली. पाटलांनी कपाळाला आठी घातली, पण शब्द देऊन बसले होते. "बरं," ते म्हणाले. "शपथ म्हणजे शपथ. पाच तर पाच. आता गावचं सांगा, म्हणजे झालं."

"गावचं सांगते. आधी माझंच धरा. मी नऊ वर्षांची नवरी होऊन आले. माझी नाळ नदीपलीकडे. मी उपरी."

"अहो, बायकांचं कोण विचारतंय?" पाटील म्हणाले. "बायका काय, नवऱ्याच्या गावच्या."

तोच मागून पाटलीणबाईंचा आवाज आला. त्या सहसा चावडीवर बोलत नसत. "शपथेत माणूस म्हणालात तुम्ही. उठता बसता आम्हाला बाईमाणूस म्हणता, ते भाकरी थापण्यापुरतंच का? भंडारा उचललाय, तर धरा आम्हालाही."

आता पाटील जरा सावरून बसले. त्यांना वाटलं, बरं, बायकांचं नंतर बघू. "पुरुषांचं सांगा," ते म्हणाले.

बयजामाय हळू आवाजात म्हणाली, "पाटील, तुम्ही घरातले थोरले. तुमच्या आईचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरणीला आपण कुठं पाठवतो?"

पाटलांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावरच पागोटं चाचपायला लागले.

"माहेरी," बयजामायच बोलली. "तुमच्या आईला सातव्या महिन्यात तिचे भाऊ घेऊन गेले. तुम्ही आजोळी झालात. तीन महिन्यांचे होऊन छकड्यातून गावात आलात, डोक्याला कुंची, आणि रडून रडून बैल बुजवलेत. मी तेव्हा पंचविशीच्या आत होते, पण आवाज अजून कानात आहे. तुमची नाळ या गावात नाही, लेकरा."

मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. जो तो आपल्या शेजाऱ्याकडे बघू लागला. प्रत्येक घरातला थोरला आजोळी जन्मलेला! हे काय गुपित होतं? लहान पोरालाही ठाऊक होतं. आजोळच्या आंब्याची, आजोळच्या विहिरीची गोष्ट प्रत्येक थोरल्यानं शंभरदा सांगितलेली. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

धाकले मात्र खुशीत आले. त्यांचा जन्म घरच्याच माजघरात झालेला. "म्हणजे माय, मी गावचा? मग पाटीलकी आता माझ्याकडं म्हणा की!"

"घ्या की," त्यांची बायको मागून म्हणाली. "पण भाकरी तुम्हीच थापा. मी चालले पाटलांबरोबर वेशीबाहेर. माझी नाळ आईच्या परसात."

धाकल्यांचं हसू विरलं. जोशीबुवा हळूच काढता पाय घेत होते. तेही थोरलेच होते.

पाटलांनी देवीच्या देवळाकडे पाहिलं. मनात आलं असतं तर त्यांनी नियम बदलला असता. शब्दाला फाटा फोडायला शंभर वाटा असतात. पण माणूस शब्दाचा पक्का होता, ही त्यांची चूकही होती आणि मोठेपणाही. ते उठले. पागोटं नीट केलं. म्हणाले, "देवीसमोर बोललोय. चला."

आणि निघालं हो गाव! पुढे पाटील, मागे जोशीबुवा, घरोघरचे थोरले, साऱ्या सुना, साऱ्या सासवा. कुणी चुलीवरचं दूध उतरवून आलं, कुणी तसंच टाकून. बयजामाय काठी टेकत मधे. आळीतले पाच म्हातारेही निघाले, कारण नियम त्यांनाही होता. वेशीशी पाटील थबकले. उभ्या जन्मात ते गाव सोडून जाण्यासाठी असे कधी निघाले नव्हते. पाय उंबऱ्यावर अडखळावा तसा अडखळला.

दौलू मागून पुढे आला. त्यानं पाटलांचा हात धरला. "चला पाटील. घाबरू नका. पहिलं पाऊल जड जातं, नंतर इतकं नाही. मला ठाऊक आहे ही वाट. एकदा आलोय मी."

दोघं हात धरून वेशीबाहेर गेले.

बाहेर माळावर सगळे बसले. ऊन चढलं. पाटील एका धोंड्यावर बसले होते. बाहेर पडण्याची शपथ पुरी झाली होती. समोर त्यांचं गाव दिसत होतं, पण आता ते आतल्यांचं; त्यांनी बोलावल्याशिवाय जाता येणार नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दौलू, तुम्ही आलात तेव्हा इथंच बसला होता का?"

"या पलीकडच्या धोंड्यावर. हा तेव्हा माझ्या बायकोनं घेतला होता."

"किती वेळ?"

"तीन दिवस. तुमच्या वडिलांनी चौथ्या दिवशी आत घेतलं."

पाटलांनी मान खाली घातली. "तीन दिवस," ते म्हणाले. "मला तर एवढ्यातच घशाला कोरड पडलीय."

आत गावात काय उरलं होतं? धाकली भावंडं, कच्चीबच्ची, आणि आळीतली एकतीस माणसं. रडणारी पोरं कुणाला आवरेनात. धाकल्यांनी चूल पेटवायला घेतली आणि मिशा जाळून घेतल्या. शेवटी सगळी मिळून, म्होरक्याची सून म्हणून, काशीकडे आली. "वहिनी, आता गाव तुमचं. काय करायचं ते तुम्ही सांगा."

काशी उठली. नऊ महिन्यांचं पोट सावरत तिनं चतकोर भाकरी घेतली, तळ्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि संथ पावलं टाकत वेशीत आली. लांबून आलेल्या माणसाला दारात थांबवायचं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि आत घ्यायचं. वाटेतली पीडा वाटेतच राहते.

ती म्हणाली, "पाटील, या. आमच्या गावात या."

पाटील वेशीसमोर उभे राहिले. काशीनं त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला आणि पायावर पाणी घातलं. थोडंच घातलं, कारण पाणी कमी होतं. पाटलांच्या डोळ्यांतून मात्र आपसूक आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग दौलूवरून ओवाळलं, मग जोशीबुवांवरून, मग साऱ्या बायकांवरून. शेवटी बयजामाय आली तेव्हा भाकरी संपली होती.

"मला कशाला ओवाळतेस?" बयजामाय म्हणाली. "माझी पीडा म्हणजे मीच. आत हो तू, आणि आडवी पड. कळा चेहऱ्यावर दिसायला लागल्यात."

त्याच दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला काशी बाळंत झाली. आपल्या घरात, आपल्या पडवीआड, छपराखाली. मुलगी झाली. पाटलीणबाईंनी स्वतः शेगडी पेटवून दिली.

पाण्याचं काय झालं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी पाटलांनी पुन्हा चावडी बसवली, आणि या वेळी आळीतल्यांना आधी बसायला सांगितलं. तोड साधी निघाली. रोज चार घागरी नेणारं घर दोन नेईल, पाटलांचंसुद्धा. दौलूच्या माणसांनी तळ्याच्या कोरड्या अंगाला खडक फोडून पाण्याचा झिरा मोकळा केला. दोन घागरींत अंघोळ होईना, कपडे धुतले जाईनात, माणसं कुरकुरली, बायकांची एक-दोनदा चांगली जुंपली. पण पाणी पुरलं. ताणून ताणून पुरलं आणि एकही घर उठलं नाही.

आणि तो शब्द? शब्द काही मेला नाही, शब्द असे मरत नसतात. त्या गावात अजून दोघं बांधावर भांडायला लागले, की एक रागानं म्हणतो, "चल रे उपऱ्या!" दुसरा लगेच म्हणतो, "आणि तू रे? थोरलाच ना?" मग दोघांनाही हसू फुटतं आणि भांडण तिथंच राहतं.

बाळांनो, मोठ्यांनीही ऐका: वाट तुडवून आलेला नाही असा माणूसच नाही, कुणी स्वतः आला, कुणाचा आजोबा आला, म्हणून आधी पोचलेल्यानं मागच्याला दार उघडावं.